साहेबाने न दिलेलं घड्याळ

इंदूमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी गवार मोडत बसले होते. पलीकडून बाळामामा "आक्का गेली गं..." एवढंच म्हणाला. महिना उलटून गेला, पण कर्जतच्या बाजारात एखादी ठेंगणी बाई भाजीवालीशी तावातावाने भांडताना दिसली की माझी पावलं अजून थांबतात. मावशी भांडायची फार. आणि बहुतेक वेळा बरोबरही तीच असायची, हे समोरच्याला जास्त झोंबायचं.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. माहेर कडावचं, नोकरी खालापूर भागात, सरकारी दवाखान्यात नर्स. तिला नोकरी लागली त्या दिवशी आजोबांनी स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून तिला दिलं. सेकंदकाटा असलेलं, रोज सकाळी चावी द्यावी लागणारं. "नाडी बघायला लागंल तुला," म्हणाले. ते पुरुषी, जाड घड्याळ तिच्या बारीक हातावर लोंबायचं, पण तिने कधी बायकी घड्याळ घेतलं नाही. किती जणांची नाडी तिने त्या काट्यावर मोजली असेल, कोण जाणे.

या घड्याळाची गोष्ट आम्हा सगळ्यांना पाठ होती. आजोबा रेल्वेत गँगमन, घाटातल्या रुळांवर काम करायचे. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांचा गोरा साहेब कायमचा विलायतेला निघाला तेव्हा म्हणे गाडी कर्जतला थांबल्यावर त्याने आजोबांना हाक मारून जवळ बोलावलं आणि आपलं घड्याळ काढून त्यांच्या हातावर ठेवलं. आजोबांनी भीतीपोटी ते बरीच वर्षं पत्र्याच्या पेटीत ठेवलं आणि मावशी शाळेत जायला लागली तेव्हा कुठे मनगटावर बांधलं. डायलवर खाली बारीक अक्षरात 'स्विस मेड' लिहिलेलं होतंच, त्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती. बाळामामा ही गोष्ट दिसेल त्याला सांगायचा. दर वेळी साहेब थोडा आणखी मायाळू व्हायचा. शेवटी शेवटी तर तो डब्याच्या दारात उभा राहून डोळे पुसू लागला होता!

आजोबा गेले आणि त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, पाहुणे जेवून उठल्यावर, मामाने विषय काढला. साहेबाच्या घड्याळाला लाखांत किंमत येते असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. शिवाय बापाची वस्तू मुलाकडे असावी, हेही होतंच. मावशीने शांतपणे ऐकून घेतलं. "आदी किंमत काडू," ती म्हणाली. "मग भांडू."

कुंभिवलीच्या पुढे एका फार्महाऊसवर मुंबईचे एक गृहस्थ शनिवार-रविवार येत. जुनी घड्याळं जमवणं हा त्यांचा छंद. मामाच्या टेंपोत पुढे तिघे दाटीवाटीने बसून आम्ही तिकडे गेलो. मामा तर वाटेतच मनातल्या मनात घड्याळ विकून त्या पैशांतून नवा टेंपोही घेऊन मोकळा झाला होता. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय!

गृहस्थांनी डोळ्याला भिंग लावलं. आधी डायल पाहिली. ती मूळची नव्हती, पुन्हा रंगवलेली होती. 'स्विस मेड'ची अक्षरं एका बाजूला कलली होती. मिनिटांच्या रेघा काट्याच्या टोकाशी जुळत नव्हत्या. "दुरुस्ती करणारे रंगवताना हौसेने असं लिहून देत," ते म्हणाले. मग त्यांनी मागचं झाकण उघडलं आणि भिंग आमच्या हातात दिलं. आतल्या यंत्रावर स्पष्ट कोरलं होतं, 'इंडिया'.

"हे आपल्याच देशात बनलंय," ते म्हणाले. "तुमचा साहेब गेला तेव्हा इथे मनगटी घड्याळाचा कारखाना नव्हताच. त्याने हे देणं शक्य नाही."

किंमत शेवटी मीच विचारली. एक बरा चपलांचा जोड येईल, असं त्यांनी संकोचून सांगितलं.

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. मावशी मात्र हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "पेटीत काय नवतंच गं," ती माझा हात दाबत म्हणाली. "म्हंजे बाबांनी सोताच्या पैशानं घेतलं!"

परत येताना ती टेंपोत अखंड बोलत होती. गावकुसाबाहेरच्या आपल्या वस्तीतल्या गँगमनच्या हातात घड्याळ दिसलं असतं तर गावाने काय विचारलं असतं? कुटनं आनलंस? कुनाचं उचललंस? साहेबाचं नाव घेतलं की सगळी तोंडं बंद. "बाबांनी पोट मारून घड्याळ घेतलं आन् चोर ठरू नये म्हनून त्याचं श्रेय गोऱ्याला देऊन टाकलं," ती म्हणाली. मला तेव्हा आजोबांचा इतका अभिमान वाटला, की तसा आधी कधी वाटला नव्हता.

मामाला नाही वाटला. "आक्का, ह्ये कुनाला बोलू नको. साहेबाचंच ऱ्हाऊ दे," म्हणून तो विनवत राहिला. पण ऐकेल ती मावशी कसली? लग्न असो, बारसं असो, मामाने साहेबाला गाडीत बसवलं की मावशी त्याला भर पंगतीत खाली उतरवायची. एकदा तर ती कडाडली, "साहेबानं दिलं म्हनतोस तवा तू बापाला हात पसराया लावतोस, बाळा!" त्यानंतर मामाने कितीतरी दिवस बोलणं टाकलं होतं. समोर आला तरी मान वळवून जायचा. तिला ते फार लागलं, पण माघार तिने घेतली नाही.

शेवटच्या आजारात मी तिच्या उशाशी असताना तिने घड्याळ काढलं आणि बाळामामाला द्यायला सांगितलं. मला राग आला. खरं सांगायचं तर ते मला मिळेल अशी माझी खात्री होती. मी तसं बोलूनही दाखवलं.

"तुला गोष्ट ठावं हाय," ती म्हणाली. "त्याला घड्याळ लागंल."

मावशीच्या पुण्यानुमोदनाला मामा पांढऱ्या सदऱ्यात आला होता. मनगटावर ते घड्याळ होतं. वंदना झाली, माणसं पांगू लागली, तेवढ्यात त्याच्या सासरकडच्या एका म्हाताऱ्या पाहुण्याने विचारलं, "काय बाळाराम, ह्येच का रं ते साहेबाचं?" माझ्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. आता त्याला अडवायला मावशी नव्हती.

मामाने सदऱ्याची बाही वर सरकवली.

"कसला साहेब? माज्या बापानं इकत घेतलंय," तो म्हणाला, आणि शेजारची खुर्ची पुढे ओढली. "बसा, सांगतो."