कचरूजींचा आवाज

आमच्या लग्नपत्रिकेवर माझ्या सासऱ्यांचं नाव 'कचरू' असं ठसठशीत छापलं होतं, आणि त्यावरून अकोल्याच्या मैत्रिणींनी मला भरपूर छळलं होतं. रत्नपालनं, म्हणजे माझ्या होणाऱ्या नवऱ्यानं, वडिलांना आधीच सुचवून पाहिलं होतं की पत्रिकेत नुसतं के. आर. छापू या. त्यावर ते जे बोलले ते इंदूरच्या आमच्या गल्लीत अजून सांगतात. "आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून मायनं मला उकिरड्यावर ठेवून परत उचललं. मैं वहाँ से उठके आलोय, भिया. नाव बदलायचं असेल तर बाप पण बदलून घे." नाव तसंच छापलं गेलं. आज मला कुणी विचारलं की तू कुणाची सून, तर मी ते पूर्ण नाव घेते आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघते. हसला तर त्याची खैर नाही.

मला बघायला ते अकोल्याला आले तेव्हा थंडीचे दिवस होते. सासऱ्यांना मी आमच्या वऱ्हाडी पद्धतीनं मामाजी म्हणते आणि सासूबाईंना आत्याबाई. मी चहा घेऊन गेले, तर मामाजींनी कप घ्यायच्या आधी माझ्या साडीचा काठ चिमटीत धरला, अंगठ्यानं चोळून पाहिला आणि "धागा ठीक आहे" असं म्हणाले. मुलगी बघायला आले की कापड, असं मला वाटलं. मग त्यांनी "पसंत आहे!" म्हणून अशी आरोळी ठोकली की शेजारच्या काकू दारात आल्या. त्यांचे आजोबा महूच्या छावणीत शिपाई होते आणि आवाज थेट त्यांच्याकडून आला होता. आमच्या वडिलांना तो माणूस फार आवडला. मलाही आवडला, पण काठाचा राग होता तो होताच.

मामाजी मिलमध्ये साचाखात्यात होते. साचा म्हणजे माग. मिसरूड फुटायच्या आधीपासून ते त्या मागांवर उभे होते, आणि सवय इतकी मुरलेली की दोरीवर वाळत घातलेलं कुणाचंही कापड दिसलं की हात आपोआप काठाकडे जाई. नव्वदीच्या सुरुवातीला मिलला कुलूप लागलं. एकामागोमाग एक इंदूरच्या सगळ्याच मिलची ती गत झाली. मग मामाजींनी कुठं चौकीदारी केली, कुठं पोती उचलली. तिकडे पीथमपूरला नवे कारखाने उभे राहत होते, तिथं रत्नपाल लागला. त्यानं हौसेनं घराच्या पुढच्या खोलीत पिठाची चक्की बसवली आणि वडिलांना तिच्यावर बसवलं. माझं लग्न झालं ते या चक्कीच्या घरात, ऐन मे महिन्यात.

आणि अकोल्यात एका आरोळीनं कपबशा हलवणारा तो माणूस माझ्याशी एक अक्षर बोलेना.

मी सकाळी चालू चक्कीवर चहा दिला की ते माझ्याकडे टक लावून बघत, तंबाखू चघळल्यासारखं तोंड हलवत, आणि मान फिरवत. दिवसभर चक्कीची घरघर आणि हे घुमे. रात्री चक्की थांबली की पत्र्याच्या कूलरची खडखड, आणि तरीही हे घुमेच. लाइट गेली की मात्र सगळी गल्ली बाहेर येई, आणि ओट्यावर बसून हेच गृहस्थ सगळ्या गल्लीला ऐकू जातील अशा गप्पा मारत. लाइट आली, घरात आले, की पुन्हा तोंडाला कुलूप. गल्लीशी बोलायचं, सुनेशी नाही! मी काय समजायचं?

आत्याबाईंना विचारलं तर त्या उलट माझ्यावरच खेकसल्या. "बोलत नाहीत कसे? बोलतात ना! सकाळीच तर बोलले, आज दळण जास्त आहे म्हणून." मी तिथंच होते आणि सकाळी कुणीही काही बोललं नव्हतं. सासू नवऱ्याची बाजू सावरतेय असं मी धरून चालले.

रत्नपालचं वेगळंच होतं. तो म्हणाला, "तुझ्यामुळे नाही गं. चक्की आली तेव्हापासून ते असेच आहेत. साच्यावरच्या माणसाला मी पिठात बसवलं, त्याचा राग आहे." दोन वर्षं तो हे मनात घेऊन फिरत होता आणि बापासमोर बसून जेवायलाही कचरत होता. माझी खात्री होती की राग माझ्यावर आहे आणि त्याची खात्री होती की राग त्याच्यावर आहे. ज्यांचा राग म्हणून आम्ही झुरत होतो त्यांना मात्र कुणी विचारलंच नाही.

जूनमध्ये एका सकाळी मामाजींनी चालू चक्कीत गव्हाचा डबा आपटला, आतल्या खोलीत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. दुपारी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. आत्याबाई एकट्याच चक्की चालवू लागल्या आणि मध्येच डोळे पुसू लागल्या. पीठ न्यायला आलेल्या बाया कुजबुजायला लागल्या. एकीनं तर तोंडावरच सांगितलं, "बाणगंगेला दाखवा, दुखणं वाढवू नका." बाणगंगा म्हटलं की इंदुरात कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही, वेड्यांचं इस्पितळ तिथंच आहे. मी तिचा डबा तिच्या हातात दिला आणि दुसरी चक्की शोध म्हणून सांगितलं. पण त्या रात्री मीही घाबरले. हा माणूस असाच भिंतीकडे तोंड करून संपला तर, हे माझ्या मनातून जाईना.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ, म्हणजे तिथल्या राजघराण्याच्या समाध्यांजवळ, डॉक्टर यामिनी म्हणून एक बाई मनाच्या आजारांवर औषध देत. रत्नपालनं वडिलांना कसंबसं उठवलं आणि आम्ही चौघं तिथं गेलो. खोली लहान, खिडकीत मोठा जुना कूलर धडधडत होता. डॉक्टरबाई वाकून, आवाज चढवून म्हणाल्या, "कचरूजी, काय त्रास होतो?"

मामाजींनी त्यांच्याकडे बघितलं. तोंड हललं, पण आवाज नाही.

आत्याबाई म्हणाल्या, "भूक मेली म्हणतात. आणि छातीवर वजन ठेवल्यासारखं वाटतं."

"ताई, तुम्ही नका सांगू. त्यांना बोलू द्या."

"मी कुठं सांगते? तेच तर बोलून राहिले!"

डॉक्टरबाईंनी रत्नपालकडे बघितलं. रत्नपालनं खाली मान घातली. त्या क्षणी तिथल्या सगळ्यांच्या हिशेबी माझ्या घरात एक नाही, दोन माणसं हातची गेली होती. आत्याबाई संतापल्या. "डॉक्टरीणबाई, तुम्हाला ऐकू नाही येत का? इतकं साफ बोलून राहिलाय माणूस!" पुढं डॉक्टरबाई काहीतरी म्हणाल्या, ते मला कूलरच्या धडधडीत कळलंच नाही. माझं डोकं फिरलं. उठले आणि कूलरचं बटण खाडकन बंद केलं.

पंखा घरघरत थांबला, आणि मामाजींचा आवाज मधूनच सुरू झाला. वाक्याच्या ऐन मधून!

"...आल्याचा चहा! बस, इतकंच मागून राहिलो मी लग्नापासून! सूनबाई ऐकत नाही, पोरगा ऐकत नाही. घरात मी कुणाला ऐकूच येत नाही, डॉक्टरीणबाई. मी जिता आहे की नाही, तेवढं जरा तपासून बघा!"

बाहेर बसलेले पेशंट दारात आले. मामाजी स्वतःच दचकले होते. त्यांनी गळ्याला हात लावला आणि आमच्याकडे असं बघितलं की मला हुंदका आवरेना. इतके दिवस हा माणूस माझ्याशी बोलत होता. रोज बोलत होता, आणि रोज मला वाटत होतं तो तंबाखू चघळतोय.

डॉक्टरबाई हुशार होत्या. त्यांनी मामाजींना गळ्यावर हात तसाच ठेवायला लावला, कूलर पुन्हा सुरू केला आणि म्हणाल्या, "आता तुमचं नाव सांगा." ओठ हलले. 'कचरू' हे मलाही दिसलं, पण आवाज नव्हता. कूलर बंद केला आणि पुन्हा विचारलं, तर खिडकीची काच थरथरली.

मग उलगडा झाला. साचाखात्यात शेकडो माग एकदम चालत तिथं ओरडूनही ऐकू जात नसे, म्हणून मागवाले आवाज काढायचेच नाहीत. ओठ मोठे करून, हातांच्या खुणा करून दूरच्या मागावरच्या माणसाशी गप्पा मारायचे. आत्याबाई तरुणपणी त्याच मिलमध्ये सूत गुंडाळायच्या कामावर होत्या, त्या ओठ वाचायला तिथंच शिकल्या. नवरा बोलतो तेव्हा त्या ऐकत नाहीत, बघतात, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. आणि चक्कीवर येणारे म्हातारे मिलवाले मामाजींकडे बघून हसायचे, मान डोलवायचे, ते मला दयेपोटी वाटायचं. ते चक्क गप्पा मारत होते!

"माणसाचं एक मन वर असतं आणि एक आत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चालायचं कसं, घास गिळायचा कसा, हे आतलं मन सांभाळतं, आपल्याला न विचारता. यांच्या आतल्या मनानं एक काम आणखी उचललं. मशीन सुरू झालं की आवाज बंद. मिल बंद पडली हे कचरूजींना कळलंय, पण त्यांच्या अंतर्मनाला अजून कुणी कळवलेलं नाही. घरात चक्की लागली आणि त्याला वाटलं, मिलची पाळी सुरू झाली."

"म्हणजे मी पागल नाही?" मामाजींनी विचारलं.

"बिलकुल नाही. कुणी आपलं ऐकत नाही असं रोज वाटत राहिलं तर कुणाचंही जेवण सुटेल. तुमचंही तेच झालंय."

घरी आल्यावर चक्की-कूलर बंदच ठेवून रत्नपाल वडिलांच्या समोर बसला आणि मनातलं सगळं बोलून गेला. शेवटी म्हणाला, "चक्की विकून टाकतो." मामाजी भडकले. "का विकायची? मशीनची मला काय डर आहे? सारी उमर मशीनवर गेली." मग मी म्हणाले, "चक्की राहू द्या. मामाजी, मला ती साचाखात्याची बोली शिकवा. तुम्ही बोलायचं तसंच बोला, मी बघेन." ते आत्याबाईंकडे वळून म्हणाले, "चहा ठेव. आलं टाकून."

शिक्षक म्हणून ते कडक होते. चक्की सुरू करायची, मला समोर उभं करायचं आणि ओठ हलवायचे. पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. त्यांनी काहीतरी मागितलं, मी धावत जाऊन मिठाची बरणी आणली. ते कपाळाला हात लावून बसले. त्यांनी पीठ मागितलं होतं! ओठांवर पीठ आणि मीठ अगदी एकसारखं दिसतं, करून बघा. मग त्यांनी जिभेच्या टोकाला बोट लावून दाखवलं. मिलमध्ये मिठाची खूण तीच होती, नुसते ओठ हलले की पीठ. असे कितीतरी जोड शब्द त्या लोकांनी खुणा करून सोडवलेले होते. मुकादम येतोय याची खूण वेगळी, धागा तुटल्याची वेगळी, आणि मुकादमाला द्यायच्या शिव्यांच्या खुणा त्यांनी मला शिकवल्या नाहीत, त्या मी आत्याबाईंकडून शिकले.

पावसाळा सरेपर्यंत मला बरंच जमलं. रत्नपालही रविवारी शिकायला बसे, पण त्याचं पीठ-मिठाच्या पुढं फारसं गेलं नाही. मामाजी पुन्हा पोटभर जेवू लागले. डबे घेऊन येणाऱ्यांची आणि माझी चेष्टा करू लागले, ती फक्त मला कळे आणि मी एकटीच हसे. आता गल्ली माझ्याकडे संशयानं बघू लागली, तर बघू दे. शेकडो मागांच्या गोंगाटात उभं राहून ज्यांनी स्वतःची एक बोली उभी केली, त्या माणसांच्या घरात मी आले होते. मला त्याचा फार अभिमान वाटायचा, आजही वाटतो.

चौदा एप्रिलला आम्ही सगळे महूला गेलो. जयंतीची ती गर्दी, ढोल, बँड, दहा दिशांनी भोंगे. शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. गर्दीत आमची ताटातूट झाली. आत्याबाई आणि मी रस्त्याच्या एका कडेला, मधून मिरवणूक चाललेली, आणि पलीकडे मामाजी. त्यांना मिलचे जुने सोबती भेटले होते. पांढरे सदरे घातलेली ती म्हातारी मंडळी घोळका करून उभी होती आणि साऱ्यांचे ओठ भराभर हलत होते. एवढ्या गोंगाटात सगळ्या महूत निवांत गप्पा मारणारे तेवढेच.

मामाजींनी माझ्याकडे बोट केलं. मी बघतेय हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. त्यांचे ओठ मला स्वच्छ दिसले.

"ती बघा, आमची सून," ते सांगत होते. "तिला मी इथून पण ऐकू येतो."

मी हात उंच केला. त्यांनी बघितलं. आवाज न काढता, ओठ चांगले मोठे करून मी म्हणाले, "येता, मामाजी."