उर्मिलाबाईंची मांत्रिकीण

सौंसरच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या उर्मिलाबाई सातपुते १९८६ च्या सुट्टीत भाच्यांच्या फाशांच्या खेळात बसल्या, तेव्हा मुलांनी तलवारबाज वीर घेतले. बाईंनी हिशेबाने मंत्र साधणारी मांत्रिकीण निवडली. तिन्ही फाशांच्या आकड्यांतून, बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार करून, नेमके पंधरा आले तरच तिचा मंत्र चाले; नाहीतर मरण.

राक्षस पुढे ठाकला. दहा बाजूंच्या फाशांवर चार, सहा आणि दहा पडले.

"तिन्ही सम! पंधरा कुठून आणता, आत्या? मरून राहिली तुमची मांत्रिकीण," श्रीकांत हसला.

"मरून नाही रे, मोजून राहिली. दहा भागिले चार, अडीच. आता अडीचकी म्हण: सहा अडीच पंधरा!"

श्रीकांतने राक्षसाची सोंगटी उचलली. बाई पदर खोचून पुढच्या राक्षसाची वाट पाहू लागल्या.