आवाजावरून निवडलेला जोड

आजारपणात स्टोइमेनच्या बोटांतली जाणीव गेली, ती परत आली नाही. बल्गेरियातल्या स्लिव्हेन शहराच्या कापड गिरणीतून निवृत्त झालेला हा माणूस हौशी रेडिओवाल्यांत आटे फिरवून घट्ट बसवलेल्या केबलच्या पक्क्या जोडांसाठी ओळखला जाई. आता वादळ आलं की वीज पडायच्या भीतीने अँटेनाची केबल रेडिओपासून सोडावी लागे, पण ते आटे उलगडायला त्याला दहा मिनिटं लागत.

"वीज काही तुझ्यासाठी थांबणार नाही. सोडता येत नसेल तर अँटेना उतरव," बायको रुसाना म्हणाली.

म्हणून रविवारी तो रेडिओ क्लबच्या बाजारात सुटे भाग विकणाऱ्या ओळखीच्या डिमोच्या टेबलापाशी आला. डिमोने आट्यांच्या जोडाऐवजी झटपट लागणारे दोन प्रकारचे अडॅप्टर पुढे केले.

"दादा, हा नुसता ढकलायचा. यालाच आळशांचं बूच म्हणायचास ना?"

"म्हणायचो."

स्टोइमेनने तो ढकलला. बसला की नाही, ते त्याला कळेना. दुसरा पाव फेरा फिरवताच 'टक्' वाजलं.

"हा दे."

"अरे, पहिला जास्त लवकर निघतो!"

"पण हा बसलेला ऐकू येतो."

घरी रुसानाने घड्याळ लावलं. केबल चार सेकंदांत सुटली.

"राहू दे मग अँटेना," ती म्हणाली.

त्याने होकारार्थी मान हलवली. आपल्याला आनंद व्हायला हवा, एवढंच त्याला समजत होतं; पण आट्यांचा जोड आता त्याच्या हातचा राहिला नव्हता.