दोन मॅग्नेटची खाच

हाताला पेट्रोलचा वास लागला की चुडावा गावचे गाड्या दुरुस्त करणारे मिस्त्रीचाचा आठवतात. त्या दिवशी माझी रेल्वे चुकली होती, परभणीला कॉलेजात बारा वाजता प्रॅक्टिकल होतं आणि मला सोडणारी त्यांची मोटारसायकल त्यांनी ठिणगीचं मॅग्नेट बदलल्यापासून सुरूच होईना, किक उलटी मारत होती. काढलेलं तडकलेलं मॅग्नेट शेजारीच पडलं होतं. मी भीतभीत म्हणालो, "चाचा, ह्या दोघांच्या खाचा सारख्या न्हाईत." "कॉलेजात हेच शिकवायलेत का?" म्हणत त्यांनी बसवलेलंही काढून दोन्ही उन्हात जुळवली आणि ओरडले, "अरे, हे तर नव्या मॉडेलचं! खाच सरकलेली, म्हणून ठिणगी अवेळी पडायलीय!" गाडीच्या जुन्या मॉडेलचं मॅग्नेट पेटीत सापडलं, ते बसवल्यावर पहिल्याच किकला इंजिन धडधडलं. वाटेत भेटेल त्याला ते सांगत सुटले, "पोरगं लोखंडबी वाचतंय!" घरात अक्षर वाचणारा मी पहिलाच, पण आपल्याला वाचता येतं, हे मला त्या दिवशी खरं वाटलं.