त्सिल्काआजीचा सूपाचा डबा

दर फेब्रुवारीत गावच्या हिमोत्सवात बायका लोकरी घागरे घालून, हातात सूपाचा कडीचा डबा धरून स्कीवरून उतारावर सुटतात. ही प्रथा पाडली त्सिल्काआजीने. तरुणपणी ती नवऱ्याला आंबट कोबीचं सूप पोचवायला निघाली, ती थेट पुरुषांच्या शर्यतीत घुसली आणि पहिली आली. तेव्हापासून भोंग्यावरून दरवर्षी तिच्या धाडसाचे गोडवे गातात.

"कसलं डोंबलाचं धाडस," आजी यंदाही करवादली. "मला थांबता येत नव्हतं."

शेजारी पहिल्यांदाच उतरायला उभी राहिलेली नेझा पांढरीफटक पडली. "आजी, थांबता तर मलाही येत नाही."

"मग काय झालं? खाली अख्खं गाव उभं आहे, धरेल कुणीतरी." आजीने तिला हलकेच ढकललं. "सूप तेवढं सांडू नकोस."