थोरल्याच्या नावावरची लढाई

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि जेठाचं, म्हणजे थोरल्या दिराचं, तर मुळीच नाही, हे मी म्हसावदला नांदायला आले तेव्हापासून पाळलं. ते पाळल्यामुळेच सगळा घोळ वीस वर्षं चालला, बाई!

झालं असं. पहिल्या मोठ्या लढाईत भरतीवाले आले. आमचे हे तेव्हा विशीतले. साहेबानं नाव विचारलं. आमच्या घरात शेत, गाडी, बैल सगळं थोरल्या भावाच्या नावावर. कुठल्याही कागदावर दुसरं नाव कधी चढलंच नव्हतं. यांनी सरळ भावाचं नाव सांगितलं! तीन वर्षं इराकात बसऱ्याकडे त्याच नावानं राहिले. खेचरांवर पखाली लादून, गोळ्या सुटत असताना तहानलेल्या शिपायांना पाणी नेलं. मेडल मिळालं, त्याच्या कडेवरही भावाचंच नाव.

मग सुरू झाली भाषणं. कधी मामलेदार, कधी निवडणुकीचा उमेदवार. रजिस्टर बघून बोलावणं यायचं जेठांना. पहिल्यांदा ते बिचारे म्हणाले, "साहेब, मी नही, मन्हा भाऊ." साहेब म्हणाले, "सरकारी कागद खोटा असतो का?" पुढे जेठांनाही हार आवडायला लागला. इस्त्रीचा फेटा बांधून निघायचे!

मी चिडायचे. हे म्हणायचे, "भाऊ अन् मी काय येगळा शेतस का?" पण सभेत शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसायचे, ते मला दिसायचं. माझ्या जिवाला तेवढंच लागलं होतं. एकदा, फक्त एकदा, चारचौघांत यांचं नाव निघावं.

सदतीस सालच्या निवडणुकीला धुळ्याचे एक वकीलसाहेब आले. काय आवाज, काय हातवारे! "याच मातीतल्या वीर भाईदासनं एकट्यानं सात तुर्क लोळवले!" नाव साहेबांनी घेतलं हो, मी नाही. जेठांनी छाती काढली. गाव ओठ दाबून हसत होतं. मग साहेबांना काय सुचलं कोण जाणे, बायकांकडे वळून म्हणाले, "या वीराच्या घरच्या लक्ष्मीनं दोन शब्द बोलावेत."

जेठाणी माहेरी खापरला गेलेली. शेजारच्या जसोदाबाईनं मला ढोसलं, "ऊठ वं कौसा!" पदर नाकापर्यंत ओढला आणि उभी राहिले. साधं नाव घेता येत नव्हतं, पण उखाण्यात कोण अडवतं?

"खेचरांवर पखाली, गोळ्यांचा मारा,
नाव लागलं थोरल्याचं, चुकला कागद सारा;
पाणी पाजणारा बसला शेवटच्या रांगेत,
दोधूरावांचं नाव घेते भरल्या सभेत!"

मेले आता, म्हटलं. जेठ उठले. माझ्याकडे बघितलं नाही, पण असे खदखदून हसले की फेटा सुटला. "खरं शे साहेब! मी ते तापी वलांडीसनबी कधी गऊ नही!" मग काय, सगळं मैदान हसायला लागलं. लोकांनी यांना उचलूनच पुढे नेलं. जेठांनी स्वतःचा हार यांच्या गळ्यात घातला. आमचे भोळे सांब तो काढून भावाच्या पायावर ठेवायला निघाले! जेठ ओरडले, "आते तरी ऱ्हाऊ दे ना रे येडा!"

वकीलसाहेब वस्ताद. घसा खाकरून त्यांनी तेच भाषण नव्या नावानं पुन्हा केलं. सातही तुर्क पुन्हा मेले. हे कानात सांगायला गेले की मी फक्त पाणी वाहिलं, पण ऐकतं कोण? मी पदराआड हसत होते आणि रडतही होते. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

घरी आल्यावर मी भाकरी वाढली. यांनी घास उचलला आणि तसाच ठेवला. खाली बघत, एखाद्या नव्या नवऱ्यासारखे लाजत म्हणाले, "ते नाव आखो एक डाव ले ना वं."

मी घेतलं. उखाण्याशिवाय.