तहकुबीचा अर्धा तास

स्वच्छ ऊर्जेवरचा माझा पहिला तास ज्या सभागृहात झाला, त्याचे पडदे ओढून घेतलेले होते. बाहेर एप्रिलचं ऊन रस्त्याचं डांबर मऊ करत होतं आणि आत आम्ही, स्लाइड नीट दिसाव्यात म्हणून दिवे मालवून आणि एसी लावून, सूर्य कसा फुकट आहे यावर बोलत होतो.

त्याआधी उद्घाटन झालं. प्रमुख पाहुणे पन्नास मिनिटं उशिरा आले. पर्यावरणाचा अभ्यासक्रम असल्यामुळे त्यांना पुष्पगुच्छाऐवजी तुळशीचं रोप देण्यात आलं, ते प्लास्टिकच्या चकचकीत कागदात गुंडाळून. संस्थेच्या संचालकांनी माझी ओळख ‘उद्योगजगताचा प्रदीर्घ अनुभव असलेल्या’ अशी करून दिली. त्यात खोटं काही नव्हतं. भोसरीच्या एका कारखान्याचे बॉयलर मी अठरा वर्षं विकले होते, आणि अठरा वर्षं दर महिन्याच्या एक तारखेला माझा पगार बँकेत जमा झाला होता. स्वतःच्या जबाबदारीवर मी आयुष्यात लिंबाचं सरबतही विकलेलं नव्हतं. आता मी लोकांना नोकरी सोडून धंदा कसा करावा हे शिकवणार होते.

शिकायला येणारी मंडळी बहुतेक आयटीतली. ते दिवसच तसे होते. ज्यांचे वडील बँकेतून किंवा सरकारी कचेरीतून निवृत्त झाले, ती मुलं सकाळी कंपनीच्या बसने हिंजवडीला जात होती आणि पंचविशीतच वडिलांच्या शेवटच्या पगाराच्या पुढे गेली होती. हातात पैसा होता आणि डोक्यात कंटाळा. शनिवार-रविवारी ती आमच्याकडे येत आणि मोठमोठ्या योजना मांडत. एकाला पुलांच्या कठड्यावर पवनचक्क्या बसवायच्या होत्या. एकजण मुठेच्या पाण्यातून गॅस काढणार होता. ज्याने मुठेचा वास घेतला आहे त्याला ही कल्पना अगदीच अशक्य वाटणार नाही.

शेवटच्या रांगेत एक विद्यार्थिनी बसायची. तिशीची, मूळची अमरावतीकडची, येरवड्याला भाड्याने राहणारी, सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामावर असलेली. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधले दोष शोधायचे आणि ते लिहून कळवायचे, हा तिचा दिवसभराचा उद्योग. वर्गात ती फारसं बोलत नसे. सगळ्यांनी जाडजूड आराखडे दिले तेव्हा तिने एक पान दिलं. त्यावर लिहिलं होतं, ‘पुण्यातले बंद पडलेले सोलर चालू करणे आणि चालू ठेवणे.’

त्या काळात नव्या इमारतींवर बिल्डर पाणी तापवायचे सोलर बसवून देत, कारण बांधकाम पूर्ण झाल्याच्या दाखल्यासाठी ते लागत. घरपट्टीत सवलत मिळे म्हणून सोसायट्याही खूश असत. एकदा कागद मिळाले की मग त्या सोलरकडे कोणी ढुंकून पाहत नसे. बोअरच्या पाण्याचे क्षार नळ्यांत साचत, काचा फुटत, आणि लोक खाली निवांतपणे गिझर लावून अंघोळी करत. तिने आपल्या गच्चीवरून दिसणाऱ्या इमारती मोजल्या होत्या. सोलर सगळ्यांवर होते, चालू असलेले फार थोडे.

आराखडे तपासायला बाहेरून परीक्षक आले होते. त्यांतल्या एकाने तिचं पान उलटून पाहिलं. मागे काहीच नव्हतं.

“यात नावीन्य काय आहे?”

“काही नाही सर. पाणी गरम होईल.”

परीक्षकांनी तिला खालून दुसरी ठेवली. मी तिच्या बाजूने बोलले खरी, पण बाहेर आल्यावर तिचा आराखडा सुधारायलाही मीच घेतला. माझ्या सांगण्यावरून एका पानाच्या तीस स्लाइड झाल्या. पहिल्या स्लाइडवर पृथ्वीचं वाढतं तापमान, सातवीवर वितळणारा बर्फ, आणि सोलरचा कॉक एकविसावीवर. ते घेऊन ती अकरा सोसायट्यांत गेली. अकराही ठिकाणी लोकांनी ते शांतपणे पाहिलं आणि ‘कळवतो’ म्हटलं. पुण्यात ‘कळवतो’ म्हणजे काय, हे तिला अमरावतीत कोणी सांगितलेलं नव्हतं. ती महिनाभर फोनची वाट पाहत राहिली.

दरम्यान तिने नोकरीचा राजीनामा देऊन टाकला होता. त्याची मुदत संपत आली होती. तिचा साहेब बरा माणूस असावा. तो म्हणाला, सोमवारी सकाळपर्यंत पत्र मागे घे, नंतर माझ्या हातात काही नाही. आदल्या दिवशी, रविवारी, शनिवार पेठेतल्या एका सोसायटीची वार्षिक सभा होती आणि तिला तिथे बोलायला दहा मिनिटं मिळणार होती. ही बारावी.

“मॅडम, इथून हो आला तर आला. नाही तर उद्या जाऊन पत्र परत घेते. घरी आईले सांगितलंही नाही अजून.” एरवी तिचं बोलणं पुस्तकासारखं शुद्ध असे. घाबरली की अमरावती बाहेर येई. “तुम्ही चला फक्त. नुसत्या बसा.”

सभेची वेळ दहाची होती. आम्ही पावणेदहालाच पोचलो. जुना वाडा पाडून बांधलेली चार मजली इमारत, खाली पार्किंगमध्ये मांडलेल्या खुर्च्या, आणि टेबलाशी एकटे सेक्रेटरी. कुठल्याशा खात्यातून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेले, शर्टाच्या खिशात दोन पेनं. दहा वाजले तरी तिसरं कोणी आलं नाही.

“काका, सभा रद्द झाली का?” तिने घाबरून विचारलं.

“छे. रद्द कशाला होईल? दहाची सभा साडेदहाला असते.”

“मग नोटिशीत साडेदहाच का नाही लिहीत?”

“मग लोक अकराला येतील.”

त्यांनी घड्याळ पाहिलं, उभे राहिले आणि रिकाम्या खुर्च्यांना उद्देशून वाचू लागले, “गणसंख्येअभावी ही सभा तहकूब करण्यात येत आहे. हीच सभा अर्ध्या तासाने याच जागी भरेल व त्या सभेस गणसंख्येचे बंधन राहणार नाही.” ऐकणाऱ्या आम्ही दोघी, आणि दोघीही सभासद नव्हतो. वाचून झाल्यावर ते बसले आणि वर्तमानपत्र उघडलं.

आपल्याकडच्या सोसायट्यांत हे सगळीकडे चालतं. निम्मे सभासद सभेला येत नाहीत, हे गृहीत धरूनच नियम केलेला आहे आणि नियम आहे म्हणून कोणी येत नाही. मी एवढी वर्षं अशा सभांना साडेदहालाच जात आले. तो अर्धा तास आतून कसा दिसतो हे मला ठाऊक नव्हतं.

टेबलावरची विषयपत्रिका तिने वाचली आणि माझ्याकडे सरकवली. विषय पाचवा: ‘गच्चीवरील नादुरुस्त सोलर भंगारात देण्याबाबत.’ आमचा नंबर त्याच्याही नंतर, आयत्या वेळच्या विषयांत होता. भंगारात गेलेल्या सोलरच्या देखभालीवर ती तीस स्लाइड दाखवणार होती.

“काका, तेवढ्यात गच्ची पाहू का?”

“किल्ली कमिटीच्या परवानगीशिवाय देता येत नाही.” त्यांनी पान उलटलं. मग काय वाटलं कोण जाणे, उठले. “चला, मी येतो. बघा फक्त.”

गच्चीवर चार पॅनेल होती, एकाची काच तडकलेली. टाकीच्या वरच्या उभ्या नळीतून किंचित वाफ येत होती. तिने चप्पल काढून ठेवली, का ते मला कळलं नाही, आणि टाकीतून निघणाऱ्या पाइपवर बोटं टेकवून लगेच उचलली. मग ती पाइपच्या कडेने तसाच हात लावत पुढे सरकत गेली. एका ठिकाणी थांबली.

“मॅडम, इथे हात लावा. जपून. आता इथे.”

कॉकच्या अलीकडे पाइप चटका बसेल इतका तापलेला होता. पलीकडे गार. कॉक बंद होता. त्याला तारेने बांधलेली पत्र्याची पाटी होती आणि तिच्यावर लाल रंगात, अत्यंत सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं: ‘या कॉकला कोणीही हात लावू नये. हुकुमावरून.’

“हा हुकूम कोणाचा, काका?”

“कमिटीचा.” त्यांनी चष्मा पुसला. “टाकी धुतली होती. तेव्हा दोन दिवस बंद ठेवायचा होता, तर कोणीतरी येऊन सारखा उघडत होतं. म्हणून पाटी लावली.”

“कधी?”

“झाली चार वर्षं. मग कमिटी बदलली.”

“आणि पाटी?”

“ती लावायचा ठराव झालेला होता. काढायचा ठराव कोणी मांडला नाही.”

चार वर्षं त्या इमारतीतले सुशिक्षित लोक गार नळाबद्दल लेखी तक्रारी करत होते. नळीतून वाफ येते, अशीही एक तक्रार होती. एक मेकॅनिक येऊन सगळा संच बदलायला सांगून गेला होता. पाटी सर्वांनी वाचली होती आणि सर्वांनी पाळली होती.

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. मी व्यवसायनीती शिकवत होते, म्हणून मी तिला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, “आत्ता काही बोलू नकोस. आधी काम मिळव, मग येऊन उघड.” सभागृहात मी हेच जरा लांब शब्दांत सांगत असे.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही, मी काहीतरी अवघड बोलले आहे आणि ते समजून घ्यायचं आहे, अशी. मग म्हणाली, “मॅडम, आमच्या कामात दोष नसला तर ‘दोष नाही’ असंच लिहितात. दुसरं काही लिहिलं की पुढच्या वेळी कोणी वाचत नाही.” आणि वळून सेक्रेटरींना म्हणाली, “काका, फिरवू?”

सेक्रेटरींनी पाटीकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. दहा वाजून सतरा मिनिटं झाली होती.

“सभा तहकूब आहे,” ते विचार करत म्हणाले. “तहकुबीत काय झालं हे इतिवृत्तात येत नाही. फिरवा.”

तिने आधी त्यांना जिन्यात पाठवून, नळाखाली कोणी हात घालू नका, असं सगळ्या मजल्यांवर ओरडायला लावलं. मग पिशवीतून पाना काढला, बुधवार पेठेतून घेतलेला, अजून दुकानाचं चिकटपट्टीचं लेबल न निघालेला, आणि दोन्ही हातांनी जोर लावला. कॉक करकरला, अडला आणि सुटला. खालच्या एका गॅलरीतून बाईंचा आवाज आला, “अहो सेक्रेटरी, नळाला लाल पाणी येतंय.” दोन मिनिटांनी, त्याच तक्रारीच्या सुरात, “आता गरम येतंय.”

साडेदहाला सगळे आले, जणू घंटा झाली. पाचवा विषय निघाला तेव्हा सेक्रेटरींनी, “सोलर सध्या चालू असल्याचे दिसून येते,” एवढंच म्हटलं आणि तिला उभं केलं. माझा लॅपटॉप पिशवीतच राहिला. पुढच्या रांगेत एक निवृत्त प्राध्यापक बसले होते. वाफेची तक्रार त्यांचीच.

“आपण नेमकं काय दुरुस्त केलंत?”

“काहीच नाही. कॉक बंद होता. तो उघडला.”

“मग आम्ही पैसे कशाचे द्यायचे?”

“आजचे नाहीच द्यायचे. पण दोन पॅनेलमध्ये क्षार साचलेत आणि एकाची काच गेली आहे. ते केलं नाही तर दोन वर्षांत हा खरंच बंद पडेल. तेव्हा भंगारात द्या.”

सभेत कोणी हसलं नाही. प्राध्यापक उठून उभे राहिले. मी मनात बारावा नकार मोजून टाकला होता.

“गेली चार वर्षं,” ते सभेकडे वळून म्हणाले, “या सोलरकडे जो आला तो आपल्याला काहीतरी विकायलाच आला. बिघाड नाही असं सांगणाऱ्या या पहिल्याच. वार्षिक देखभालीचं काम यांना द्यावं, अशी माझी सूचना आहे.”

“अनुमोदन?”

“माझं,” मागून त्या गॅलरीतल्या बाई म्हणाल्या. डोक्याला टॉवेल गुंडाळून आल्या होत्या.

“कोणाचा विरोध?”

एका गृहस्थांनी तत्त्वतः विरोध नोंदवला. तत्त्व कोणतं ते त्यांनी सांगितलं नाही. ठराव मंजूर झाला, तीन मिनिटांत. त्यानंतर ती पाटी काढावी की नाही यावर पंचवीस मिनिटं चर्चा झाली.

सभा संपल्यावर ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि दोन्ही तळहात बघत राहिली. गंज लागला होता. “मॅडम,” ती म्हणाली, “उद्या सुट्टीच घ्यावी लागेल. इथे क्षार काढायला यायचं आहे.” मग तिला स्वतःचंच हसू आलं. राजीनामा दिलेल्या माणसाला सुट्टी कोणाकडे मागायची?

सोमवारी सकाळी तिचा एसएमएस आला. ‘पत्र तसंच ठेवलं. आईले सांगितलं.’

शनिवार पेठेतल्या प्रत्येकाची एक बहीण कोथरूडला आणि एक भाचा सहकारनगरला असतो. महिन्याभरात ‘कळवतो’ म्हणालेल्या अकरांपैकी सात सोसायट्यांनी खरोखरच कळवलं. त्यांतल्या दोन ठिकाणी नुसता कॉक बंद होता, आणि तिने तसंच सांगितलं. वर्षभरात तिच्याकडे चार कारागीर होते आणि येरवड्यात स्कूटरच्या गॅरेजवर एक खोली होती, बाहेर तिच्या नावाची पाटी.

पुढच्या वर्षी संस्थेने प्रवेशद्वारावर तिचा मोठा फोटो लावला. खाली ‘नवोन्मेष’ असं लिहिलेलं होतं. नावीन्य विचारणारे तेच परीक्षक प्रास्ताविक करणार होते, आणि उद्घाटनाची प्रमुख पाहुणी तीच होती. वर्षभर पुण्यात काम करूनही ती सांगितलेल्या वेळेला आली. सभागृहात शिपाई आणि मी. पडदे ओढलेले, एसी चालू, समई अजून यायची होती.

ती दोन मिनिटं पहिल्या रांगेत बसली. मग माझ्याकडे वाकून म्हणाली, “मॅडम, वसतिगृहाच्या गच्चीवर सोलर आहे ना? तेवढ्यात पाहून येऊ?”

मी शिपायाकडून किल्ली घेतली. संचालक पन्नास मिनिटांनी आले. तोवर वसतिगृहात गरम पाणी आलेलं होतं, आणि दीपप्रज्वलनाला प्रमुख पाहुणी गंजाने लाल झालेल्या हातांनी उभी राहिली. तिला तुळशीचं रोप देण्यात आलं. तिने आधी त्याचा प्लास्टिकचा कागद काढला आणि मग खिडकीजवळ जाऊन पडदा सरकवला.